ट्रॉलीचा दांडा आणि नम्ररावांची पाठ

नम्ररावांच्या नम्रतेचा उगम त्यांच्या कमरेत होता, ही गोष्ट त्यांच्या कार्यालयात कोणालाही ठाऊक नव्हती. घरी बायकोला ठाऊक होती. पण बायकोला कार्यालयाने कधी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची तिची जागा घर ही होती.

नम्रराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका सरकारी कार्यालयात ते हेडक्लार्क होते. हेडक्लार्क म्हटला की त्याचा एक आब असतो. त्याने घंटी वाजवायची, चष्म्यावरून बघायचं आणि फाईल स्वतःच्या टेबलावर असली तरी ती शिपायाकडून मागून घ्यायची. नम्ररावही अनेक वर्षं हे सगळं मन लावून करत होते. मग त्यांचे पाय भरून यायला लागले. जेमतेम एक व्हरांडा चालून झाला की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या, मांड्यांतून मुंग्या धावायच्या आणि कुठेतरी टेकल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. खाली बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटायचं. पण भर व्हरांड्यात उगीचच वाकून उभं राहणारा हेडक्लार्क लोकांना चमत्कारिक वाटला असता.

अशात एकदा शिपाई चहाला गेला आणि चहातच राहिला. फायलींची लोखंडी ट्रॉली भरून उभी होती आणि साहेबांना फायली तातडीने हव्या होत्या. नम्ररावांनी चरफडत दांड्याला हात घातला. दांडा बुटका होता, त्यामुळे त्यावर चांगलं ओणवं व्हावं लागलं. ते निघाले आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला पोचले तरी पाय अगदी गप्प. त्यांचा विश्वास बसेना. खात्री करून घ्यायला ते परत आले, पुन्हा गेले, आणि त्या दिवशी ज्या फायली कोणी मागितल्या नव्हत्या त्यांनीही कार्यालय पाहून घेतलं.

त्या दिवसापासून ट्रॉली त्यांनी सोडली नाही. टेबलापासून खिडकीपर्यंत जायचं असलं तरी ते ट्रॉली घेऊन जात. साहेबांनी हे पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. एवढ्या हुद्द्याचा माणूस, आणि शिपायाचं काम करतो, तेही मान खाली घालून. साहेबांनी त्या वर्षी त्यांना 'सेवाभावी कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र दिलं. ट्रॉलीवर ओणवलेल्या नम्ररावांचा मोठा फोटो व्हरांड्यात लागला, आणि हे नावही त्यांना तेव्हाच पडलं. आधी ते पाठीमागे घेतलं जायचं, मग तोंडावर, आणि शेवटी साहेबही तेच घेऊ लागले. शिपायाला काम उरलं नाही म्हणून त्याला साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसवण्याचा रीतसर आदेश निघाला. शिपायाने आयुष्यात एवढ्या निष्ठेने दुसरा कुठलाच आदेश पाळला नव्हता.

आता सांगा, अशा वेळी कोण तोंड उघडून म्हणेल की बाबांनो, माझी कंबर दुखते? नम्ररावांनीही म्हटलं नाही. शिवाय हळूहळू त्यांना स्वतःलाही आपण बऱ्यापैकी थोर आहोत असं वाटू लागलं होतं.

पण पुढे पुढे ट्रॉलीशिवाय घरच्या वाटेवर चालणं अशक्य झालं. संध्याकाळी बायको बरोबर असली की ती पुढे आणि हे मागे, एकेका कठड्याला टेकत. बायको थांबून थांबून कंटाळली. तिने त्यांना धरून मणक्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. "कमरेच्या मणक्यांतून नसा जातात, तो मार्ग अरुंद झालाय. विजेच्या वायरीवर कपाटाचा पाय पडावा तशी गत आहे. पुढे वाकलात की मार्ग जरा उघडतो, म्हणून तुमचं शरीर आपणहून वाकतं."

"म्हणजे ही सवय नाही?" बायकोने विचारलं.

"नाही. ती त्यांची सोय आहे. आपण दाब काढून टाकू. मग वाकायचं कारणच उरणार नाही. बहुतेकांची पाठ पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपोआप सरळ होत जाते."

"आणि नाही झाली तर?" हे नम्ररावांनी विचारलं.

"तर मग तोल सुधारायला सळ्या आणि स्क्रू घालायचं मोठं ऑपरेशन. ते आपण तीन महिन्यांनी उभ्याने एक्स-रे काढून ठरवू."

सळ्या हा शब्द ऐकून नम्ररावांच्या पाचावर धारण बसली. सळ्या घालायच्या त्या स्लॅबमध्ये, असं त्यांचं आजवरचं मत होतं.

ऑपरेशन झालं आणि छान झालं. पायांतल्या मुंग्या गेल्या. डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं, एक्स-रे होईपर्यंत कमरेतून वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, अंग पिळायचं नाही. चालायचं मात्र भरपूर. यातलं 'उचलायचं नाही' हे नम्ररावांना इतकं पटलं की त्यांनी पाण्याचा पेलाही त्यात धरला. जेवल्यावर ताट पुढे सरकवायचे आणि छताकडे बघत बसायचे. खरं तर ऑपरेशनपूर्वीही ते हेच करत असत, पण आता त्याला शास्त्राचा आधार होता.

दुखणं गेलं तरी पाठ मात्र अजून पुढेच झुकलेली होती. वर्षानुवर्षांचं वळण होतं ते, ते काही टाके काढले की जात नाही. ही बातमी वरच्या मजल्यावर पोचली. वर एक निवृत्त कवायत शिक्षक राहत. त्यांना नोकरी सुटल्यापासून रांगेत उभं करायला माणूस मिळाला नव्हता.

"डॉक्टर हाडं बघतो. मी माणूस बघतो," मास्तर आल्या आल्या म्हणाले. "भिंतीला टाचा लावा. हनुवटी आत. छाती पुढे. पोट कुठे आहे?"

"आहे तिथेच आहे," बायको म्हणाली.

मास्तरांनी शिट्टी आणली होती. नम्रराव फिरायला निघाले की मास्तर गच्चीत उभे राहत आणि पाठ जरा झुकली की शिट्टी फुंकत. पहिल्या दिवशी शिट्टी ऐकून रस्त्यावरच्या दोन सायकली थांबल्या आणि एका रिक्षावाल्याने घाबरून आपली कागदपत्रं बाहेर काढली. पुढे पुढे सगळ्या गल्लीलाच त्याची सवय लागली. शिट्टी वाजली की भाजीवाला, पेपरवाला, शाळेत निघालेली पोरं, सगळे क्षणभर छाती पुढे काढत. गल्लीची पाठ सुधारली. नम्ररावांची थोडी थोडी सुधारत होती, पण ती मास्तरांमुळे की डॉक्टरांमुळे, यावर वर आणि खाली मतभेद होते.

गावी जातो असं सांगून घेतलेली रजा संपली. नम्रराव कार्यालयात आले आणि दारातच थबकले. समोर ट्रॉली उभी होती. इतके दिवस कोणी तिला हात लावला नव्हता, आणि फायलींचा ढीग वर फोटोपर्यंत पोचला होता.

"ही तू ने," ते शिपायाला म्हणाले.

शिपाई स्टुलावरून न उठता म्हणाला, "राव, ट्रॉलीचा चार्ज तुमच्याकडे आहे. माझ्याकडे दाराचा आहे. आदेश आहे तसा."

"पण माझी तब्येत..."

"सुट्टी घेऊन आलात, आता एकदम ठणठणीत दिसताय," शिपाई म्हणाला. "आणि साहेबांनी मोठ्या कार्यालयात तुमचं नाव पाठवलंय. तिथले मोठे साहेब तुमची सेवा बघायला येणार आहेत. आता तुम्ही ट्रॉली सोडलीत तर काय दाखवायचं?"

नम्ररावांनी दांड्याला हात लावून पाहिलं. पूर्वी तो बरोबर हाताखाली यायचा. आता त्याच्यापर्यंत पोचायला वाकावं लागत होतं. म्हणजे पाठ खरंच वर आली होती. क्षणभर त्यांना आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. रोज दिवसभर या दांड्यावर ओणवायचं म्हणजे एक्स-रेला पाठ वाकडी आणि आत सळ्या. दांडा सोडायचा तर इतक्या वर्षांचं नाव मातीत. खरं सांगून टाकायचं हा तिसरा मार्ग त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही, पण तेवढ्यात समोरच्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं. फोटोतले नम्रराव फार छान दिसत होते.

आणि मग त्यांना ती युक्ती सुचली. दांडा उंच करायचा. दोन नळकांडी जोडायची की सरळ उभं राहून ट्रॉली ढकलता येईल, नावही राहील आणि कणाही. एवढंसं काम, वेल्डर अर्ध्या तासात करील. सगळ्या मोठ्या संकटांची सुरुवात अशा अर्ध्या तासाच्या कामांनीच होत असते, हे इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

सरकारी ट्रॉलीला परवानगीशिवाय ठिणगी लावता येत नव्हती. नम्ररावांनी अर्ज केला. अर्ज तांत्रिक शाखेकडे गेला आणि तिथून शेरा मारून परत आला. 'ट्रॉलीची उंची वाढवण्याऐवजी संबंधित कर्मचाऱ्याची उंची कमी करणे शक्य आहे काय, हे तपासून कळवावे.' नम्ररावांनी तो शेरा घरी बायकोला दाखवला. बायको इतकी हसली की तिलाच उचकी लागली आणि पाणी नम्ररावांना आणावं लागलं. पेला त्यांनी दोन्ही हातांनी, जपून आणला.

शेवटी साहेबांनीच शब्द टाकला आणि वेल्डर आला. त्याने नम्ररावांना ट्रॉलीमागे उभं करून खडूने खूण केली. पण मोजमाप झालं, की मंजुरी अडकायची. मंजुरी यायची, तेव्हा वेल्डर दुसऱ्या कामावर असायचा. तो आला की पुन्हा माप घ्यायचा, आणि खूण जुनी झालेली असायची.

"मागच्या वेळी इथे होतं," वेल्डर खडूची रेघ दाखवत म्हणाला. "तुम्ही वाढताय का?"

"उलगडतोय," नम्रराव म्हणाले.

"काका, या वयात माणसं खाली जातात. तुम्ही वर कसे चाललात?"

तिसऱ्या खेपेला त्याने माप घेणंच सोडलं. पुढच्या वाढीची सोय म्हणून त्याने दांडा नम्ररावांच्या थेट छातीपर्यंत नेऊन ठेवला आणि वर लाल रंगही फासला. "आता वाढा खुशाल," म्हणून तो निघून गेला.

लाल दांड्याची ट्रॉली घेऊन नम्रराव व्हरांड्यात चालू लागले, तेव्हा कार्यालयात कुजबुज सुरू झाली. कारण ट्रॉली तीच होती, पण ढकलणारा पहिल्यासारखा दिसत नव्हता. खांदे मागे, हनुवटी आत, नजर समोर. ट्रॉलीमागून जणू एखादा सेनापती चालला होता. टायपिस्टबाई म्हणाल्या, "रजेवरून आल्यापासून रावांचा रंग काही वेगळाच आहे. मोठ्या कार्यालयात नाव गेलंय ना."

हे नम्ररावांच्या कानावर आलं आणि जिव्हारी लागलं. म्हणजे काम तेच, घाम तोच, फक्त पाठ सरळ झाली तर नम्रता गेली? संध्याकाळी त्यांनी बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मग खरं सांगा ना त्यांना. एवढं काय जड आहे?" नम्ररावांना वाटलं, डॉक्टरांच्या यादीत हेही असायला हवं होतं.

मोठे साहेब नेमके एक्स-रेच्या आदल्या दिवशी आले. भेट दुपारची ठरली. नम्ररावांनी ट्रॉली फायलींनी शिगोशीग भरून घेतली, कारण सेवा दिसायची तर ती वजनदार हवी. साहेब, मोठे साहेब आणि त्यांच्यामागे सगळं कार्यालय व्हरांड्यात उभं राहिलं. शिपायाने स्टुलावरून उठून कधी नव्हे ते दार उघडून धरलं. नम्रराव निघाले.

कागदपत्रांच्या खोलीला एक उंबरठा होता. जुना दांडा खाली होता तेव्हा जोर चाकांना लागायचा आणि ट्रॉली उंबरठ्यावरून उडी मारून जायची. आता जोर वर लागत होता. पुढची चाकं उंबरठ्याला अडली, नम्ररावांनी छातीतून रेटा दिला, आणि ट्रॉली मागून उचलली जाऊन नाकावर आपटली. फायली सुटल्या. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेले कागद मोठ्या साहेबांच्या बुटांवरून, टायपिस्टबाईंच्या पायांतून आणि थेट जिन्यापर्यंत गेले. पंखे चालू होते, त्यांनीही आपलं काम केलं.

मग साहेब वाकले. साहेब वाकल्यावर सगळं कार्यालय वाकलं. मोठे साहेबही, काहीसे अवघडत, गुडघ्यावर आले आणि कागद गोळा करू लागले. आणि या सगळ्यांच्या मधोमध नम्रराव एकटे उभे होते, खांबासारखे, हात बाजूला, हनुवटी आत. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पिळायचं नाही. उद्या एक्स-रे होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खालून ते कोणाला दिसत नव्हतं.

"नम्रराव," साहेब जमिनीवरून दात आवळत म्हणाले, "आमची काही मदत होतेय का तुम्हाला?"

तेवढ्यात जिन्यावरून बायको वर आली. डबाही उचलायचा नाही असं नम्ररावांनी ठरवल्यापासून ती रोज डबा पोचवत होती. तिने जिन्यात आलेले कागद पाहिले, जमिनीवरचे दोन साहेब पाहिले, उभा नवरा पाहिला, आणि ओळखलं.

"त्यांना रागावू नका," ती म्हणाली. "त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. वाकायची मनाई आहे."

"ऑपरेशन?" साहेब म्हणाले. "पण ते तर गावी गेले होते."

"गावी नाही, दवाखान्यात होते. आणि ती ट्रॉली ते सेवा म्हणून ढकलत नव्हते हो. तिच्यावर ओणवं झालं की त्यांच्या पायाला बरं वाटायचं. घरी तर ते स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाहीत."

पहिला हसला तो शिपाई. मग टायपिस्टबाई. मग मोठे साहेब, गुडघ्यावर बसल्या बसल्या, आणि उठता येईना म्हणून साहेबांचा हात धरून. उठल्यावर त्यांनी कमरेला हात लावला आणि नम्ररावांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डॉक्टर कोण तुमचे?"

संध्याकाळपर्यंत फोटो भिंतीवरून उतरला. तो कोणी उतरवला हे नम्ररावांनी विचारलं नाही. नम्रराव टेबलाशी मान खाली घालून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची मान खरोखरच्या लाजेने खाली गेली होती, आणि नेमकी तीच कोणी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत त्यांना बाजूने उभं केलं. खोलीत मास्तर नव्हते, साहेब नव्हते, शिट्टी नव्हती, फोटो नव्हता. सरळ दिसण्यासाठी काही करायला त्यांच्यात त्राणच उरलं नव्हतं. ते नुसते उभे राहिले.

डॉक्टरांनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुन्या फिल्ममध्ये कणा पुढे कलंडलेला होता. नव्या फिल्ममध्ये कमरेचा नैसर्गिक बाक जागेवर आला होता आणि डोकं बरोबर कमरेच्या वर होतं. "सळ्यांची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "पाठ तुमची तुम्ही परत घेतलीत. आता सगळं करा."

नम्ररावांनी मोठा श्वास सोडला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि त्यांनी तो ठेवला. डॉक्टरांसमोर, एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

बायकोने पदराने डोळे टिपले आणि मग डॉक्टरांना विचारलं, "सगळं म्हणजे, ताटसुद्धा?"

"कसलं ताट?"

"जेवणाचं. उचलता येईल त्यांना?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नम्ररावांकडे. "ताट, पातेलं, जे सापडेल ते," ते म्हणाले.

घरी ते चालत गेले. ती पुढे आणि हे मागे असं नव्हतं, बरोबरीने चालले. कुठलाही कठडा लागला नाही. ती मध्येच म्हणाली, "तुमच्याशी बोलायला मान वर करावी लागते हो. एवढे उंच होतात, हे मी विसरूनच गेले होते." त्यांनाही ते आठवत नव्हतं.

रात्री जेवण झालं. नम्ररावांनी छताकडे पाहिलं नाही. ते उठले, आपलं ताट उचललं, मग तिचंही उचललं, आणि मोरीशी जाऊन नळ सोडला. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी दोन्ही ताटं घासली, विसळली आणि पालथी घातली. बायको दाराशी उभी राहून पाहत होती. ताटाच्या कडेला थोडं खरकटं राहिलं होतं, ते तिने नंतर ते झोपल्यावर काढलं आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.